सीलबंद गवत

माझी बायको गवत जमवते, हे मी चारचौघांत फारसं सांगत नाही. सांगितलं की समोरचा विचारतो, "तुमच्याकडे गाय आहे का?" गाय नाही. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पोटमाळ्यावर बावीस वर्षांचं वाळलेलं गवत आहे. ही शाळेत जीवशास्त्र शिकवते. सुट्टीत कुठेही फिरायला गेलो की ही खाली बघत चालते आणि मध्येच मटकन बसते. मग मी चार पावलं पुढे जातो आणि या बाईंची आपली ओळख नाही, अशा चेहऱ्याने उभा राहतो.

मी परीक्षा मंडळाच्या गोपनीय विभागात आहे. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे, त्यांना लाखेचं सील मारायचं आणि त्यानंतर कुणावरही विश्वास ठेवायचा नाही, हे माझं काम. एकोणतीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेला एकही पेपर फुटलेला नाही. हे मात्र मी चारचौघांत सांगतो. कधीकधी दोनदा सांगतो.

तर एक दिवस हिला लांबच्या एका विद्यापीठाचं पत्र आलं. तुमच्या गवताच्या संग्रहाबद्दल ऐकलं, शनिवारी सकाळी दहा वाजता आमच्या विभागात येऊन तो दाखवा, त्याविषयी बोला, योग्य वाटल्यास आम्ही तो कायमचा जतन करू, असं त्यात होतं. हिने ते पत्र गॅसपाशी उभं राहून चार वेळा वाचलं. दूध उतू गेलं तरी हलली नाही. बावीस वर्षांत या गवताला घराबाहेरच्या माणसाने नावं ठेवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, आणि घरातला माणूसही त्याच पंगतीतला होता हे मी कबूल करतो.

जायचं विमानाने. संग्रह पुठ्ठ्यांमध्ये बांधला तर एकोणीस किलो भरला. मी विमान कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "एवढं वजन सोबत नेता येणार नाही, सर. ते खाली जाईल."

"खाली म्हणजे कुठे?"

"विमानाच्या पोटात, सर."

"तिथे कोण असतं?"

"कुणीच नसतं, सर. काळजी करू नका."

नेमकी त्या क्षणापासून मला काळजी लागली. जिथे कुणीच नसतं तिथे काय काय होऊ शकतं, याचा अनुभव आमच्या खात्यात पुष्कळ आहे.

मी सल्ला विचारायला गेलो नव्हतो. जिन्यात उभं राहून जरा मोठ्याने काळजी केली, इतकंच. खालच्या मजल्यावरचा विमा एजंट लगेच दार उघडून बाहेर आला. "बॅग पट्ट्यावर ठेवता ना तुम्ही? ती पुढे रबरी पडद्याच्या आड जाते. त्या पडद्याच्या पलीकडे काय चालतं, कुणी पाहिलंय?" मी पाहिलं नव्हतं. त्यानेही पाहिलं नव्हतं. म्हणूनच तो इतक्या खात्रीने सांगत होता. त्याचा सल्ला असा की बॅग जुनाट, दरिद्री दिसली पाहिजे, म्हणजे चोराला ती उचलावीशीच वाटणार नाही.

समोरच्या दंतवैद्याचं मत उलट. "चोरी सोडा हो. अदलाबदल ही खरी भीती. मी एकदा भलत्याच माणसाची बॅग घरी आणली. आत आठ पायजमे. माझी बॅग गेली त्याच्याकडे, तिच्यात पंधरा कवळ्या होत्या. त्याने त्या थेट पोलिसांत नेऊन दिल्या. मला दोन दिवस चौकीत बसवून विचारत होते, दातांचे मालक कुठे आहेत." त्याचा सल्ला असा की बॅग शंभर पावलांवरून ओळखू आली पाहिजे.

दोघेही शेजारी. एकाचं ऐकलं असतं तर दुसऱ्याने वर्षभर जिन्यात बोलणं टाकलं असतं. म्हणून मी कोपरा फाटलेली जुनी तपकिरी बॅग काढली आणि तिला चारी बाजूंनी नारिंगी पट्ट्या शिवल्या. ही शाळेतून आली, बॅगेभोवती एक फेरी मारून म्हणाली, "दवाखान्यातून पळून आल्यासारखी दिसतेय." मी दुर्लक्ष केलं. सुरक्षेच्या कामात दिसण्याला महत्त्व नसतं. मी एक भक्कम आकड्यांचं कुलूप आणलं, ते चेनला लावलं आणि आकडा कुणालाही सांगितला नाही. हिलाही नाही.

त्याच संध्याकाळी मेहुणा आला. हा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे बंद असलेली कुठलीही गोष्ट त्याला बघवत नाही. त्याने माझ्याच खिशातलं बॉलपेन घेतलं, चेनच्या दातांत खुपसलं आणि बॅग उभी उघडी पडली. मग कुलपासकट चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, तर पुन्हा बंद. सगळं मिळून चार सेकंद. "दाजी, कुलपाला हात कशाला लावायचा?" असं म्हणून त्याने पेन माझ्या खिशाला परत लावलं. ही हसली. बॅगेला भोक पडलं असतं तर चाललं असतं, पण हिच्या माहेरच्या माणसासमोर माझी एकोणतीस वर्षांची नोकरी चार सेकंदांत उघडी पडली, हे मला लागलं.

सकाळी उठलो तो निश्चय करूनच. कुलूप, पट्ट्या हे सगळे हौशी लोकांचे चाळे. मी जन्मभर जे करत आलो तेच करायचं. बाजारातून मांजरपाटाचं कापड आणलं. बॅग त्यात गुंडाळली. दाभणाने सुतळीचे टाके घातले, प्रत्येक टाक्याला गाठ. स्वयंपाकघरात मेणबत्तीवर लाख वितळवली. थोडी ओट्यावर सांडली, थोडी हिच्या तव्याला लागली, ती अजून निघालेली नाही. एकूण बारा सीलं मारली. सरकारी शिक्का घरी वापरणं नियमात बसत नाही, म्हणून माझ्या कोटाचं पितळी बटण तोडून त्याचा ठसा घेतला.

"अहो," ही म्हणाली, "शिवून टाकायच्या आधी एकदा आत काय आहे ते तरी बघा. सगळा क्रम लावलाय मी. दहा मिनिटं लागतील."

"सील मारणाऱ्याने आत बघायचं नसतं," मी सांगितलं. "तोच तर नियम आहे."

तिने तवा घासायला घेतला.

शेवटी कापडावर लाल शाईने मजकूर लिहिला: "हा गठ्ठा सीलबंद असून पाठवणारा व खाली सही करणारे दोन साक्षीदार यांच्या समक्षच उघडण्यात यावा. एकही सील तुटलेले आढळल्यास गठ्ठा स्वीकारू नये." खाली माझी सही, विमा एजंटाची सही, दंतवैद्याची सही. दोघांनी चहा घेतला आणि मग सह्या केल्या. मी मागे सरून पाहिलं. खरं सांगतो, इतकं देखणं काम माझ्या हातून ऑफिसातही झालेलं नव्हतं.

शुक्रवारी विमानतळावर खिडकीवरच्या मुलीने तो मजकूर दोनदा वाचला. "काका, हे नक्की काय आहे?"

"गवत," ही म्हणाली.

"वैयक्तिक सामान," मी म्हणालो.

आम्ही दोघं एकदम बोललो, हे तिला आवडलं नसावं. तिने कुणालातरी फोन केला, मग दुसऱ्या कुणालातरी केला, आणि गठ्ठ्यावर एक पिवळा कागद चिकटवून तो पट्ट्यावर सोडला. रबरी पडदा हलला. मी वाकून आत बघायचा प्रयत्न केला तेव्हा ही माझा कोट धरून मला ओढत घेऊन गेली. विमानात मी खिडकीपाशी बसून सामान चढवणाऱ्या माणसांचे चेहरे पाठ केले. चौघे होते. त्यातला एक उगाचच शीळ घालत होता.

उतरल्यावर मी पट्ट्याच्या तोंडाशीच ठाण मांडलं. निळ्या स्वेटरचा एक गृहस्थ माझ्या फारच जवळ उभा होता आणि कुठलीही बॅग आली की मान लांब करत होता. मी त्याच्यावर नजर ठेवली. त्याची बॅग आली, तो गेला, जाताना त्याने माझ्याकडे वळून पाहिलं आणि आपली बॅग छातीशी धरली. माणसाच्या मनात काय असतं ते असं दिसतं. एकेक करून सगळे गेले. पट्टा थांबला. आमचा गठ्ठा आला नव्हता. ही रिकाम्या पट्ट्याकडे बघत उभी होती. तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला: "कापडात शिवलेल्या गठ्ठ्याचे प्रवासी, कृपया सामान चौकशी कक्षात यावे."

कक्ष म्हणजे एक खोली, एक टेबल, तीन खुर्च्या आणि सामान अधिकारी असलेल्या एक बाई. चष्म्याला साखळी. टेबलावरचं पेन दोऱ्याने टेबलालाच बांधलेलं. ते पेन बघितल्यावर माझ्या मनात या बाईंविषयी आदर निर्माण झाला. समोर आमचा गठ्ठा होता. बारांपैकी एका सीलाला तडा गेला होता.

"हा मजकूर कुणी लिहिला?" बाईंनी विचारलं.

"मी."

"एकही सील तुटलेले आढळल्यास गठ्ठा स्वीकारू नये. असंच लिहिलंय ना?"

"हो."

"मग तुम्ही तो कसा स्वीकारणार?"

मी उत्तर शोधू लागलो. पण हे वाक्य लिहितानाच मी त्यातल्या सगळ्या पळवाटा बुजवून टाकल्या होत्या.

"मशीनमध्ये आत कागदांच्या चळती दिसतायत," बाई म्हणाल्या. "बाहेरून बांधणी प्रश्नपत्रिकांसारखी. दिवस परीक्षांचे. तुम्ही काय करता?"

मी परीक्षा मंडळात आहे, हे वाक्य आयुष्यात प्रथमच माझ्या तोंडून हळू आवाजात बाहेर पडलं.

बाईंनी साक्षीदारांना फोन लावायला सांगितलं. विमा एजंट पलीकडून म्हणाला, "सही माझी आहे. पण आत काय आहे ते मी पाहिलेलं नाही. आणि मी कुठल्याच गोष्टीची खात्री देत नाही, मॅडम, आमच्या धंद्यात ते बसत नाही." दंतवैद्याने "पोलीस का?" हा एकच प्रश्न विचारला आणि फोन ठेवून दिला.

"म्हणजे साक्षीदारांनी आतलं पाहिलेलं नाही," बाई लिहीत म्हणाल्या. मग कात्री घेऊन त्यांनी माझे टाके उसवले. एकेक गाठ कापली जात होती आणि मी दुसरीकडे बघत होतो. बॅग उघडली. वरचा पुठ्ठा काढला. पहिलं पान, त्यावर चिकटवलेली एक वाळकी काडी. त्याखाली ओल टिपायला घातलेला कागद. बाईंनी तो उचलून उजेडात धरला आणि मोठ्याने वाचला, "भूगोल. वेळ तीन तास." कोपऱ्यात ठळक शिक्का होता, गोपनीय.

मी हिच्याकडे पाहिलं.

"रद्दी आहे ती," ही शांतपणे म्हणाली. "परीक्षा झाल्यावर उरलेले पेपर हेच आणायचे घरी. गवत दाबायला फार चांगला कागद."

पोटमाळ्यावरची रद्दी कमी होते म्हणून मी आजवर दोन रद्दीवाले बदलले होते. त्यातल्या एकाशी तर तोंडावर भांडलो होतो.

"बाई, ती तारीख बघा. बावीस वर्षांपूर्वीची आहे," मी म्हणालो.

"तारीख छापायला किती वेळ लागतो?"

त्यांच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं, शब्दसुद्धा हेच वापरले असते. त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती.

ही पुढे झाली. "मॅडम, उद्या सकाळी दहा वाजता मला हे विद्यापीठात दाखवायचंय. पत्र आहे माझ्याकडे." बाईंनी पत्र वाचलं, उलटं करून मागची बाजूही पाहिली. "हा कक्ष सहाला बंद होतो. उद्या अकराला उघडतो," त्या म्हणाल्या. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. ही खाली बसली. हिने पत्र परत घेतलं, त्याची घडी घातली आणि पुन्हा उलगडून पाहिलं. मला तेव्हा अगदी स्वच्छ कळलं की चोराने नेलं नसतं ते मी घालवून बसलो होतो.

बाईंनी थोडा विचार केला. मग दोन कोरे कागद काढले. "एक करता येईल. दोघांनी वेगवेगळं बसून लिहा. आत एकूण पानं किती, त्यातल्या कुठल्याही दहांची नावं, आणि ती कुठे मिळाली. सामान तुमचंच असेल तर तुम्हाला ठाऊक असणार. वेळ अर्धा तास."

एका कोपऱ्यात हिची खुर्ची, दुसऱ्या कोपऱ्यात माझी. एकोणतीस वर्षं मी पेपर पोचवले, पण आपल्याच समोर पेपर येणं म्हणजे काय ते विसरून गेलो होतो. पहिला प्रश्न. मी लिहिलं, "सुमारे शंभर." दुसरा प्रश्न. हरळी. हरळी सगळ्यांना माहीत असते. मग लव्हाळा. मग बराच वेळ काही नाही. छताकडे पाहिलं. पंखा होता. हिच्या कोपऱ्यातून पेनचा सरसर आवाज येत होता, तो क्षणभरही थांबत नव्हता. मी हळूच मान वळवली आणि डोळे बारीक केले.

"नजर आपल्या कागदावर," बाई म्हणाल्या.

एकही पेपर फुटू न दिलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. मी मान खाली घातली आणि लिहीत गेलो. "गवत, उंच. गवत, बुटकं. गवत, टोचणारं."

"मॅडम, पुरवणी मिळेल का?" पलीकडून हिने विचारलं.

पाच चाळीसला बाईंनी कागद गोळा केले. लाल पेन घेतलं. आधी माझा. "सुमारे शंभर? तुमच्या मिसेसनी लिहिलंय तीनशे चाळीस. लव्हाळा... यांच्या कागदावर लव्हाळा दिसत नाही."

"लव्हाळा गवत नाहीच, मॅडम. त्याचा दांडा तिधारी असतो. पुष्कळ लोक फसतात."

बाईंनी लाल फुली मारली. "आणि हे टोचणारं कोणतं?"

"माझ्या मोज्यात गेलं होतं एकदा," मी म्हणालो.

"कुसळी," ही म्हणाली.

मग हिचा कागद. बाईंनी तो वाचायला घेतला आणि वाचतच राहिल्या. मध्येच त्यांनी दोनशे सतरावं पान काढायला सांगितलं. कागदावर लिहिलं होतं तसंच निघालं, तुटलेल्या पात्यासकट. एकशे सहावं काढलं. तेही तसंच. तिसरं पान त्यांनी तपासायला काढलं नव्हतं, नुसतं बघायला काढलं होतं. "हे आमच्या धावपट्टीच्या कडेला असतं," त्या म्हणाल्या. "मी नेहमी बघते. याला नाव आहे?" हिने नाव सांगितलं. बाईंनी ते कोपऱ्यात लिहून घेतलं.

सहाला पाच मिनिटं कमी असताना फॉर्म भरला गेला. मालक या रकान्यात हिचं नाव. माझ्यासाठी रकाना नव्हता. बाईंनी खाली एक रेघ मारून लिहिलं, "सोबत आलेली व्यक्ती," आणि तिथे मला सही करायला सांगितली. बांधलेल्या पेनाचा दोरा पुरेना, म्हणून मला टेबलावर ओणवं व्हावं लागलं. निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी सील मारू नका. साध्या बॅगांकडे आम्ही बघतसुद्धा नाही."

टॅक्सीत बॅग आम्हा दोघांच्या मध्ये होती. हिने तिच्यावर हात ठेवला होता. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती दमली होती. मला लाज वाटत होती. बावीस वर्षं एका घरात राहून मला हिच्या गवतातलं एक नाव धड आलं होतं, आणि तेही सगळ्या जगाला येणारं. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "पहिल्या पानावर कुठलं आहे?"

मी निळ्या स्वेटरवाल्याकडे जसं पाहिलं होतं, तसं हिने माझ्याकडे पाहिलं. "का विचारताय?"

"सहज."

"तुम्ही सहज काही विचारत नाही."

मग ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पंजासारखा तुरा असतो त्याला. भिंतीच्या कडेला उगवतं. तुमच्या ऑफिसच्या मागच्या भिंतीशी मिळालं होतं."

"तिथे तू कशाला गेली होतीस?"

"लग्नाला चार महिने झाले होते. पेपर छापून होईपर्यंत तुम्हा लोकांना आठ दिवस आत कोंडून ठेवलं होतं. मी डबा घेऊन आले. तुमच्या शिपायाने माझी पिशवी तपासली, डबा आत नेला. मला म्हणाला, मागच्या बाजूला त्यांची खिडकी आहे, थांबा, दिसतील. दीड तास थांबले. करायला काही नव्हतं, म्हणून खाली बघत बसले."

"मग? मी दिसलो नाही?"

"खिडकीला आतून कागद लावला होता."

तो कागद मला आठवला. खाकी होता. बाहेरून कुणी डोकावू नये म्हणून चारी कडांना खळ लावून तो मीच चिकटवला होता, आणि चिकटवताना बाहेर कोण आहे ते मी पाहिलं नव्हतं.